परशाअण्णाचे पेरू आणि चार वकील

“तुमचा माणूस ठणठणीत आहे म्हणतात,” पोतदार साहेबांनी विमा कंपनीचं पत्र टेबलावरून माझ्याकडे सरकवलं. “मग आपण त्याला घरी कशाला बसवलाय?”

पोतदार साहेब म्हणजे आमचे मालक. हुबळीच्या गोकुळ रोडवर त्यांचा पंपांचे सुटे भाग बनवायचा कारखाना, आणि मी तिथली एचआर मॅनेजर. ‘तुमचा माणूस’ म्हणजे परशराम जाधव, मशीन शॉपचा सुपरवायझर. काम चोख झालं की परशाअण्णा साहेबांचा माणूस असायचा. काही अडकलं की तो एचआरचा.

अण्णा कलघटगीचा. सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलवरून गावी जाताना म्हैस आडवी आली. म्हशीला काही झालं नाही. अण्णाचा उजवा खांदा असा आपटला की हातात जाणाऱ्या नसाच दुखावल्या. ऑपरेशनं झाली, मालिश झालं, कुणी सांगितलं म्हणून बैलहोंगलच्या बाजूला कुठलासा लेपही लावून झाला. हात जागेवर राहिला, पण नुसता जागेवर. खांद्यातून उचलत नाही आणि मुठीत जोर नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या मंडळानं हे अपंगत्व कायमचं आहे असा दाखला दिला. आमच्या कंपनीच्या डॉक्टरनं ‘अनफिट’ लिहिलं, कारण लेथच्या शेजारी असा हात घेऊन कुणाला उभं करता येत नाही.

आता थोडं विम्याचं. आमच्या कंपनीनं सगळ्या कामगारांची मिळून एक ग्रुप पॉलिसी काढली होती. हप्ता कंपनी भरते. कामगाराला अपघातानं कायमचं अपंगत्व आलं तर भरपाई त्याला मिळते, अपघात कारखान्यात होवो नाहीतर म्हशीपुढे. अण्णाचा पगार थांबलेला, घरी बायको आणि शिकणाऱ्या दोन मुली. हा क्लेम म्हणजेच त्याचं पुढचं पोटपाणी. आणि विमा कंपनी म्हणत होती, माणूस धडधाकट आहे. म्हणजे आमच्या लेखी कामाला निकामी, त्यांच्या लेखी पैलवान. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो हाच.

मी अण्णाला बोलावलं. तो पिशवीभर पेरू घेऊनच आला. परसात त्याचं एक झाड आहे. ते झाड आणि अण्णा, दोघांनाही रिकाम्या हाताने कुणाला भेटायचं माहीत नाही.

“विम्याचा माणूस घरी आला होता तेव्हा काय झालं?” मी विचारलं.

“काय नाही मॅडम. चांगला होता बिचारा. चहा घेतला, उप्पीट खाल्लं.”

“तुम्हाला काय विचारलं?”

“आराम आहे का म्हणून विचारलं. मी म्हटलं, आराम.”

मी कपाळाला हात लावला. आमच्या हुबळी-धारवाडकडे ‘आराम?’ विचारलं की ‘आराम’च म्हणायचं असतं. माणूस आयसीयूत असला तरी म्हणतो. पण इन्स्पेक्टर बंगळूरहून आलेला. त्याने ते इंग्रजीत लिहून नेलं.

“अहो, दुखतंय म्हणून सांगायचं की!”

“मॅडम, दारात आलेल्या माणसाला चहाच्या आधी आपलं दुखणं सांगायचं व्हय?” अण्णाने मलाच विचारलं. “जाताना त्यांना पेरू दिले, तर त्यांनी फोटोपण काढला.”

तो फोटो रिपोर्टला जोडलेला होता. अण्णा हसतमुखाने पेरू देतोय. खाली एक ओळ: दोन्ही हातांची हालचाल व्यवस्थित.

साहेबांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, “वकील बघा. आपला माणूस बघा.”

या ‘आपला माणूस’नेच आमचे पुढचे काही महिने खाल्ले. आमच्याकडे वकील विषयावरून शोधत नाहीत, नात्यावरून शोधतात. धारवाडात दगड मारला तर तो प्राध्यापकाला लागतो नाहीतर वकिलाला, आणि ज्याला लागेल तो कुणाचा तरी मावसभाऊ निघतो.

पहिले वकील आमच्या कंपनीचेच. त्यांनी पेरू घेतले, कागद चाळले आणि बाजूला ठेवले. “मॅडम, मी कंपनीचा वकील. क्लेम ह्यांचा. उद्या हे कंपनीवरच केस करायचं म्हणाले तर मी कुठल्या बाजूला बसू?” मला तेव्हा राग आला होता. पण माणूस सरळ बोलला. नोकरी देणाऱ्याचा वकील आणि नोकराचा वकील एकच असू नये, दोघांचं कितीही गूळपीठ असलं तरी. हे मी त्या दिवशी शिकले आणि ती शिकवणी फुकटात मिळाली.

दुसरे साहेबांचे चुलतभाऊ. धारवाडातले नावाजलेले, फक्त त्यांचं नाव होतं जमिनीच्या वाटण्यांत. त्यांनीही पेरू घेतले. अर्धा तास ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “उतारा आणलाय का?”

“कशाचा?”

“जमिनीचा.”

“जमीन नाही हो काका. हात आहे,” मी म्हटलं.

त्यांनी विमा कंपनीला कडक नोटीस मात्र पाठवली. त्यांच्या टायपिस्टने जुनाच मजकूर काढून नावं बदलली होती. शेवटी लिहिलं होतं की पंधरा दिवसांत ताबा सोडावा. विमा कंपनीनं उलट विचारलं, कशाचा? 

तिसऱ्यांचा बोर्डच होता, ‘इन्शुरन्स क्लेम स्पेशालिस्ट’. मी म्हटलं, आता गाडी रुळावर आली. त्यांनी फी सांगितली नाही. मिळेल त्यातला हिस्सा मागितला. आपल्याकडे वकिलाला असा जिंकलेल्या रकमेत वाटा घेता येत नाही, नियमच आहे. कुणी मागितला तर चहा संपवून उठायचं. मी उठतच होते, तेवढ्यात ते अण्णाला म्हणाले, “हात गळ्यात बांधा. सुनावणीला बायकोच्या खांद्यावर हात ठेवून या. आणि जरा कण्हा.”

जिना उतरल्यावर अण्णा म्हणाला, “मॅडम, हात खरंच गेलाय. मग नाटक कशाला करायचं?”

 मला त्या वकिलाची लाजही वाटली आणि अण्णाचा अभिमानही. पेरूची पिशवी वर राहिली याचं मात्र वाईट वाटलं.

घरी येऊन मी नीट विचार केला. इतके दिवस मी आपल्या माणसांना विचारत होते, चांगला वकील कोण. प्रश्नच चुकीच्या ठिकाणी विचारला होता. दुसऱ्या दिवशी मी आमची ग्रुप पॉलिसी विकणाऱ्या एजंटला गाठलं. हा पाटील. चुरमुऱ्यांचं गिरमीट आणि मिरची भजी समोर आली की त्याची जीभ सैल होते, हे मला वीस वर्षांच्या रिन्युअलमधून ठाऊक होतं.

“पाटील, खरं सांगा. तुमच्या कंपनीला समोर कुठला वकील नको असतो?”

“हे असलं विचारू नका हो मॅडम. माझी एजन्सी आहे.”

मी अजून एक प्लेट मिरची मागवली.

पाटीलने इकडेतिकडे पाहिलं. “हिरेमठ अक्का. धारवाडात सप्तापूरला, झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या खोलीत बसतात. आधी आमच्याच बाजूनं लढायच्या. आता सोडलं. आमचे लोक कुठं कुठं पळवाट काढतात ते सगळं त्यांना पाठ आहे. माझं नाव सांगू नका म्हणजे झालं.”

हिरेमठ अक्कांच्या ऑफिसात दोनच खुर्च्या. एकीवर त्या, दुसरीवर फायली. आम्हाला त्यांनी फायली उचलायला लावल्या. आमचं सगळं बोलणं कन्नडमध्ये झालं, मी मराठीत सांगते.

“तुम्ही आमच्या नात्यात नाही ना कुणाच्या?” मी आधी विचारून घेतलं.

“नाही. का?”

“मग बरं झालं.”

अण्णाने नेहमीसारखे पेरू काढले आणि पुढे केले. अक्कांनी ते घेतले नाहीत. त्या त्याच्या हाताकडे बघत राहिल्या. मला वाटलं, या बाईला पेरू चालत नाहीत.

“पुन्हा द्या,” त्या म्हणाल्या. “डावा हात खाली ठेवून द्या.”

अण्णा घुटमळला. “अक्का, मग देता येत नाही.”

तेव्हा मला दिसलं. आमच्याकडे मोठ्या माणसाला काही द्यायचं तर डाव्या हाताने देत नाहीत, तो अपमान होतो. उजव्या हाताने देतात, आणि मान म्हणून डावा हात उजव्या मनगटाला लावतात. अण्णा तेच करत होता. फक्त त्याचा डावा हात मनगटाला लावलेला नव्हता, तो मनगट उचलत होता. उजवा हात नुसता ताटलीसारखा वर चढवलेला, आणि सगळा भार डाव्यावर. मी, साहेब, दोन वकील, तो इन्स्पेक्टर, सगळ्यांनी असे पेरू घेतले होते. सगळ्यांना रीत दिसली, हात कुणालाच दिसला नाही.

“त्यांच्या रिपोर्टात फोटो आहे ना?” अक्का म्हणाल्या. “छान. तोच आपण लावू.”

केस ग्राहक आयोगात गेली. विमा हीसुद्धा विकत घेतलेली सेवाच, म्हणून तक्रार तिथे करता येते. तारखा पडल्या, नेहमीसारख्या. अण्णाच्या थोरल्या मुलीने मधल्या काळात कॉलेज सोडायची भाषा सुरू केली होती. अण्णा ते सांगताना हसायचा, आणि मला त्याच्या हसण्याची आता धास्ती वाटायला लागली होती.

शेवटच्या सुनावणीला विमा कंपनीच्या वकिलांनी तो फोटो वर धरला. “हा माणूस दोन्ही हातांनी फळं देतोय. स्वतः आराम आहे म्हणतोय. अजून काय पाहिजे?”

अध्यक्षांनी अण्णाकडे बघितलं. “काय हो, आराम?”

“आराम, साहेब,” अण्णा म्हणाला.

मी डोळे मिटले. मागे दोघेतिघे हसले. अध्यक्षही हसले, कारण तेही आमच्याकडचेच.

अक्का उठल्या. “साहेब, हा माणूस तुम्हालाही आरामच म्हणणार. त्याला विचारू नका, बघा.” त्यांनी आयोगाची परवानगी घेऊन टेबलावरचा पाण्याचा तांब्या अण्णाजवळ ठेवला. “साहेबांना द्या. फक्त उजव्या हाताने. डावा पाठीमागे.”

अण्णाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग डावा हात पाठीमागे घेतला. उजवा हात तांब्यापर्यंत गेला तो झोका घेऊन गेला. बोटं तांब्याला लागली. बाकी काही झालं नाही. त्याने सगळं अंग वाकवून जोर लावला, कपाळावर घाम आला, तांब्या कलंडला आणि पाणी टेबलावरून खाली वाहिलं.  अण्णाने डाव्या हाताने तांब्या सरळ केला, मान खाली घातली आणि म्हणाला, “माफ करा साहेब. डाव्या हातानं द्यावं लागतं. ते बरं दिसत नाही, म्हणून दोन्ही लावत होतो.”

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. एवढे महिने हा माणूस आपलं अपंगत्व लपवत नव्हता, तो फक्त कुणाचा अपमान होऊ नये म्हणून जपत होता. विमा कंपनीच्या वकिलांनी फोटो फायलीत परत ठेवला. बराच वेळ ते फायलीची दोरी बांधत होते.

निकाल अण्णाच्या बाजूने लागला. भरपाई व्याजासकट मिळाली. मुलगी कॉलेजातच राहिली. साहेबांनी अण्णाला स्टोअरमध्ये बसून करायचं काम दिलं आणि त्या दिवसापासून तो परत त्यांचा माणूस झाला.

पुढच्या हंगामात अण्णा माझ्या केबिनमध्ये आला. पिशवी खाली ठेवली, एक मोठा पेरू काढला आणि सरळ डाव्या हाताने माझ्यापुढे धरला.

“घ्या मॅडम. आता कोर्टानं बघितलंय.”

मी तो दोन्ही हातांनी घेतला.

आता मी निवृत्त आहे, तरी लोक फोनवर विचारतात, विम्याच्या क्लेमला चांगला वकील कोण. मी सांगते, ते विमा कंपनीच्या एजंटला विचारा, मिरची भजी तुमच्याकडून. आणि वकील मिळेपर्यंत कंपनीचा माणूस घरी आला, तर आधी दुखतंय म्हणून सांगा. चहा नंतर.