वरची दहा मिनिटं

त्याचा दिवस सव्वाचारला सुरू व्हायचा. गजर लावत नसे. उठायचा, स्टूल पलंगापासून लांब सरकवायचा आणि बायकोच्या पायाशी बसून राहायचा. तिला फिट यायची ती बहुधा जाग येताना. पावणेपाचला ती डोळे उघडी. काही झालं नाही तर तो तिला गोळी आणि पाणी देई, आपलं आवरी, सायकल काढी आणि सहाच्या पाळीला पावणेसहालाच हजर होई.

कारखाना औषधाच्या गोळ्यांचा होता. मी प्रेसवर, म्हणजे भुकटी दाबून गोळी पाडायची. तो शेजारच्या खोलीत ब्लेंडरवर. माणसापेक्षा उंच, दोन्ही टोकांना निमुळतं स्टीलचं पिंप, आडव्या दांड्यावर गरगर फिरणारं. त्यात थोडं औषध, बाकी सगळा भराव. एका गोळीत औषध मोहरीएवढंही नसतं, पण ते प्रत्येक गोळीत सारखं उतरावं लागतं. काम एवढंच. ते करायचं तर पंचवीस किलोची पोती खांद्यावर घेऊन लोखंडी जिना चढायचा, तोंडाला मास्क बांधून. एका बॅचला बारा पोती. बाराव्या पोत्याला गुडघे बोलतात. त्याने कधी मधे दम खाल्लेला मी पाहिला नाही.

बॅचच्या कार्डावर लिहिलेलं असे, पिंप वीस मिनिटं फिरवा. तो तीस फिरवायचा. वरची दहा पाळीतून घेत नसे, त्यासाठीच लवकर यायचा. कार्डावर मात्र वीसच लिही. सुपरवायझरला माहीत होतं. फुकटच्या मेहनतीला कोण नको म्हणतो?

आम्ही त्याला दहामिनिटे म्हणायचो, आडनाव असल्यासारखं.

"दहामिनिटे, सोड की आता! भुकटीला चक्कर आली असेल," मी दारातून ओरडायचो. भुकटी येईपर्यंत माझं प्रेस रिकामंच असे.

"गोळ्या तुझ्या सासूला द्यायच्या असत्या तर तू पंधरालाच थांबवलं असतंस," तो म्हणे. "या माझी बायको खाते."

खरंच खायची. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिला पहिली फिट आली. आमच्या गोळ्या फिटवरच्याच, कामगारांना अर्ध्या किमतीत मिळत. तिच्या गोळ्या सुरू झाल्या त्याच महिन्यात त्याची दहा मिनिटंही सुरू झाली, ती चोवीस वर्षं चालली. स्टोअरमधून पाकिटं घेताना तो बॅचचा नंबर बघे. आपल्या हातचा माल असेल तरच घेई. दुसऱ्या पाळीचा ब्लेंडरवाला विसाव्या मिनिटाला बटण दाबून बिडी ओढायला बाहेर पडायचा. त्याच्याबद्दल दहामिनिटे एवढंच म्हणे, "हरामाचं खातो."

फिटांना काही ताळतंत्र नव्हतं. तीन आठवडे बाई ठणठणीत, मग एका दिवसात दोन. ती घरी शिवणकाम करायची. एकदा शेगडीपाशी कोसळली. डावा हात भाजला, दोन बोटं एकमेकांना चिकटून बसली. कापड धरता येईना, मशीन विकून टाकलं. डॉक्टर दरवेळी विचारत, गोळी चुकवता का? तो रिकामी पाकिटं पुढे ठेवी. डॉक्टर मान हलवत, पण पटलेलं दिसत नसे. शेवटी त्यालाच शंका आली.

"तू थुंकून तर टाकत नाहीस?" त्याने बायकोला विचारलं.

"अहो, तुम्ही समोर बसून गिळायला लावता. लपवू कुठे, केसांत?"

नंतर दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. हे त्यानेच मला सांगितलं, खाली मान घालून.

मग प्रयोगशाळेत नवा कॅमेरा आला.

तोवर प्रयोगशाळा वीस गोळ्या एकत्र कुटून विरघळवायची आणि सरासरी काढायची. सरासरी नेहमी बरोबर यायची. कॅमेऱ्याला कुटायची गरज नव्हती. गोळ्यांचा अख्खा ट्रे त्याच्याखालून सरकायचा, वर झगझगीत दिवे. तो चालवायला आलेल्या बाईंनी आम्हाला समजेल असं सांगितलं. प्रत्येक पदार्थ उजेडातला ठरावीक भाग गिळतो, उरलेला परत पाठवतो. हा कॅमेरा एकेका ठिपक्यावरून आलेला उजेड दोनशे पट्ट्यांत फोडतो, डोळ्याला न दिसणाऱ्यांतसुद्धा. कुठला पट्टा किती गिळला गेला त्यावरून त्या ठिपक्यात काय आहे ते कळतं. पडद्यावर औषध लाल, भराव निळा. नीट मिसळलेली गोळी सगळीकडून सारखी जांभळी.

"म्हणजे आता खऱ्याखोट्याचा निकाल लागेल," दहामिनिटे म्हणाला. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. "बाई, त्या दुसऱ्या पाळीचा माल आणि माझा, शेजारी शेजारी लावून दाखवा."

त्यांनी लावला. बिडीवाल्याचा ट्रे एका रंगात रंगवल्यासारखा जांभळा. दहामिनिटेच्या ट्रेमध्ये लाल गाठी, आणि मधेमधे निळ्या गोळ्या.

"ट्रे उलटे लागलेत," तो म्हणाला.

बाईंनी चिठ्ठ्या तपासल्या, पुन्हा स्कॅन केलं. "नाही काका. हाच तुमचा."

"यंत्र नवं आहे. शिकेल हळूहळू."

"तुम्ही पिंप किती वेळ फिरवता?"

तो ट्रेवरची चिठ्ठी पुन्हा वाचू लागला. मी म्हणालो, "तीस मिनिटं." त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दर पाच मिनिटांनी पिंप थांबवून नमुने काढले. दहाला ठिपके ठिपके. पंधराला बरं. विसाला सुरेख जांभळं. पंचविसाला लाल पुन्हा वेगळं पडू लागलं. तिसाला दोन रंग फारकत घेऊन बसले होते.

"औषधाचा कण बारीक, भरावाचा जाड," बाई म्हणाल्या. "एकदा मिसळलं की थांबायचं. पुढे हलवत राहिलं की बारीक कण जाड्यांच्या फटींतून खाली सरकतो. दाणे आणि पीठ एका डब्यात हलवा, पीठ तळाला जाईल. तसंच हे."

तो दुसऱ्या दिवशी घरून बायकोच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन आला. दहा गोळ्या स्वतः सोडवून ट्रेमध्ये मांडल्या. 

"एवढ्या बघा."

पाच जांभळ्या आल्या. दोन लाल. तीन निळ्या.

"निळी म्हणजे?"

"यांत निम्मंही औषध नाही, काका. आणि या लालमध्ये दीडपट असेल. कुणाच्या आहेत?"

"शेजाऱ्याच्या," तो म्हणाला.

पाळी सुटल्यावर तो सायकलचं कुलूप काढायचा प्रयत्न करत होता. किल्ली लागत नव्हती.

"विसाला थांबलो असतो तर तिचा हात शाबूत राहिला असता," तो म्हणाला.

"तुला काय ठाऊक होतं?"

"कुणी सांगितलं होतं जास्त फिरवायला? कुणीच नाही. मीच." किल्ली पुन्हा फिरवत म्हणाला, "आणि बाकीच्यांच्या बायका? मुलं? त्यांचं काय रे?"

 किल्ली मी लावून दिली.

कंपनीने दुकानांतला माल परत मागवला. त्याला कुणी काढलं नाही, जाबही विचारला नाही. कार्डावर वीसच लिहिलेलं होतं ना, खाली सुपरवायझरची सही. ब्लेंडरला टायमर बसला. विसाव्या मिनिटाला पिंप आपलं आपण थांबे. निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं होतं. तो तरी पावणेसहालाच येत राहिला. पिंप थांबलं की समोर बसे, हात मांडीवर ठेवून, दहा मिनिटं. आम्ही त्याला त्या नावाने हाक मारणं सोडलं. ते त्याच्या लक्षात आलं. "मारा की हाक," म्हणाला. "तेच नाव आहे माझं."

निवृत्तीनंतर मी त्याच्या घरी गेलो. बायको चहा घेऊन आली. बशी उजव्या हातात, डावा पदराखाली.

"भाऊजी, दीड वर्ष झालं, एक फिट नाही," ती म्हणाली. "फिटापण म्हाताऱ्या झाल्या असतील. आमचा जिना चढवत नसेल." आपल्याच बोलण्यावर हसली. "आणि हे बघा, अजून सव्वाचारला उठून पायाशी बसतात. सांगा जरा, झोपा म्हणावं आता."

ती आत गेली तसं मी हळूच विचारलं, "सांगितलं नाहीस?"

"पाकीट बदललं एवढं सांगितलंय. कंपनीने बदललं म्हणून."

फळीवर दुसऱ्या कंपनीच्या गोळ्यांचे खोके रचलेले होते. कॅमेऱ्याच्या त्या आठवड्यापासून तो बाहेरच्या दुकानातून पूर्ण किमतीला आणत होता. आधी पगारातून, आता फंडातून. घराचं छत गळत होतं, त्याखाली बादली होती. ते तसंच ठेवून त्याने वर्षभराच्या गोळ्या भरून ठेवल्या होत्या. चौतीस वर्षं जिना चढून कमावलेलं सगळं त्या फळीवर होतं.

त्याने एक खोका काढला, नंबर वाचला, परत ठेवला.

"यांच्या ब्लेंडरवर कोण असेल?" तो म्हणाला. "बिडी ओढणारा असू दे."