चोवीस इंचांचा हट्ट

“रायफल घ्यावी तर चोवीस इंची नळीची, नाहीतर सरळ काठी घ्यावी,” असं वेंडेल टॉफ्टे जन्मभर सांगत आला. सोळा इंची रायफल घेऊन डोंगरात निघालेला कुणी दिसला की तो हमखास विचारायचा, “लाटणं घेऊन कुठं रे?”

मोंटानातल्या त्या खोऱ्यात हिवाळ्याचं मांस दुकानातून आणणाऱ्याची लोकांना कीव यायची. वेंडेलने एल्क जातीचा मोठा हरीण मारून आणला नाही असा हिवाळा त्याच्या बायकोने, आर्लीनने, संसारात पाहिला नव्हता. पण यंदा वसंतात घोडी घसरली, त्याचा खांदा निखळला, आणि लांब नळी उचलली की तिचं टोक जमिनीकडे झुकू लागलं. शिकारीचे दिवस तोंडावर आले, तेव्हा बिचारा आपलेच शब्द गिळत लाइल बेकस्ट्रँडच्या बंदुकांच्या दुकानात गेला.

“लाटणं दाखव,” तो गुरगुरला.

“आलास शेवटी, म्हाताऱ्या!” लाइलने सोळा इंची रायफल रिकामी असल्याची खात्री करून त्याच्या हातात दिली. “मीट डोळे.”

तिथली रीतच तशी. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, मग उघडायचे. नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी मागच्या खाचेत आपसूक बसला, तर ती लांबी तुमची. नेम धरायचा तो समोरच्या भिंतीवर टांगलेल्या, पेंढा भरलेल्या हरणाच्या डोक्यावर. वेंडेलने आजवरची प्रत्येक रायफल त्याच डोक्यावर जोखली होती.

रायफल अलगद वर आली. खांदा कुरकुरलासुद्धा नाही. वेंडेलला लहान मुलासारखा आनंद झाला. मग त्याने डोळे उघडले. मणी दिसेना, खाच दिसेना. भिंतीवर तपकिरी असं काहीतरी होतं, एवढंच.

“काय दिसतंय?”

“डावा डोळा. अगदी मधोमध.”

लाइलचं हसू मावळलं. “वेंडेल, त्या डोक्याला कसर लागली होती. उन्हाळ्यातच उतरवलं मी. तिथं आता घड्याळ आहे.”

घड्याळाची टिकटिक आता वेंडेलला स्वच्छ ऐकू येत होती. लाइलने हळूच नळी धरली, पण वेंडेल रायफल सोडेना.

“आर्लीनला बोलू नकोस,” तो म्हणाला. “आणि ही नको. चोवीस इंचीच दे. मणी जरा लांब गेला की दिसेल मला. दिसेल ना रे, लाइल?”