थांबाताई

संगणक अडकला की सगळे तो बंद करून पुन्हा चालू करतात. ताई तसं करू देत नसत. कुणाचा हात बटणाकडे गेला की खुर्चीतूनच ओरडायच्या, "थांबा!" म्हणून वर्ध्याच्या आमच्या दवाखान्यात त्यांचं नाव थांबाताई पडलं. संगणक विभाग त्यांचा, आणि त्यांच्या हाताखाली मी.

पडद्यावर न दिसता मागे अखंड चालणारे प्रोग्राम, म्हणजे डीमन, हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. डीमनशी बोलायला एक दार असतं, कंट्रोल सॉकेट. तिथून त्याला हालहवाल विचारायची, थांबवायचं, पुन्हा कामाला लावायचं. लिनक्सवर हे दार म्हणजे एक फाइल. विंडोजच्या मशीनवर ताई त्या मशीनपुरताच एक पोर्ट, म्हणजे क्रमांक दिलेलं दार, उघडत. मी नवं दार केलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "कोणाकोणाले उघडते हे?" उत्तर "सगळ्यांना" असलं की काम पुन्हा पहिल्यापासून.

एकदा भर दुपारी प्रयोगशाळेचे रिपोर्ट वॉर्डात पोचेनासे झाले. रिपोर्ट पोचवणारा डीमन चालू दिसत होता, पण विचारलं तर सॉकेट सापडत नव्हतं. डॉक्टर धावत आले. "बंद करून चालू करा ना!"

"थांबा सर. सकाळपासूनचे रिपोर्ट याच्या पोटात हायत. बंद केलं तर ते जातीन, अन् त्या लेकराले रक्तासाठी पुन्हा टोचा लागन."

लेकरू म्हणजे समुद्रपूरहून आणलेलं, अपुऱ्या दिवसांचं बाळ. त्याची नस सापडता सापडता सिस्टर रडकुंडीला आल्या होत्या. त्याचे आजोबा आमच्या खोलीच्या दाराशीच उभे होते.

ताईंनी शोधून काढलं. दार तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरमध्ये होतं, आणि नुकतीच घातलेली नवी सिस्टिम तो फोल्डर आपणहून झाडून काढत होती. "तो आत काम करून राह्यला. त्याचं दारच गेलं." त्यांनी सेटिंगमध्ये दाराची जागा बदलली. आता डीमनला फक्त इशारा द्यायचा होता, सेटिंग पुन्हा वाच म्हणून; इशाऱ्याला दार लागत नाही.

"इशाऱ्याने तो बंदच पडला तर?" मी विचारलं.

"तर सिस्टरचे पाय धरीन," म्हणत त्यांनी बटण दाबलं.

नव्या जागी दार उघडलं. डीमन एका वॉर्डातल्या बंद प्रिंटरची वाट बघत अडला होता. तो सोडून पुढे जा, असं ताईंनी त्याला सांगितलं आणि रिपोर्ट भराभर सुटले. बाळाचा कागद घेऊन डॉक्टर पळाले.

"काय झालं बाई?" आजोबांनी विचारलं.

"झालं बाबा. आता टोचत नाई त्याले." एवढं बोलून ताई खुर्चीत बसल्या आणि ओढणीत तोंड लपवून कितीतरी वेळ हसत राहिल्या. पुढे ते बाळ आईच्या कुशीत घरी गेलं.

आता ताई निवृत्त होऊन सिंदी मेघेला राहतात. परवा एक विंडोजचं मशीन काही केल्या ऐकेना, म्हणून मी त्यांना फोन लावला. काय काय करून पाहिलं ते सांगता सांगता चूक माझी मलाच सापडली.

"ताई, ऐकताय ना?"

"ऐकून राह्यली. सापडलं नं तुले? मंग ठेव आता, माहे वांगे करपून राह्यले."