कौसाबाईची पायली

पिठाच्या गिरणीत माझा डबा पट्ट्यापर्यंत पोचला होता, तेवढ्यात फोन वाजला. गिरणीच्या घरघरीत काही ऐकू येईना. तिकडून माझा पुतण्या दिगंबर ओरडून सांगत होता, इकडून मी ओरडून विचारत होते, काय म्हणतोस, काय म्हणतोस... गिरणीवाल्या भाईंनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि गिरणीच बंद केली. मग त्या शांततेत ऐकू आलं, "काकू, माय गेली." दळण तिथंच राहिलं. मी मंगरूळपीरच्या स्टँडवरून बस धरली, वाशीमला बदलली, आणि अनसिंगच्या अलीकडं आमच्या फाट्यावर उतरले. सगळ्या रस्त्यात एकच डोळ्यापुढं, बाईचा पहिला घास.

बाई म्हणजे माझी मोठी जाऊ, कौसाबाई. ती कुठंही जेवायला बसो, पहिला घास लगेच गिळायची नाही. तोंडात जिभेनं फिरवायची, चाचपायची, आणि मगच चावायची. लग्नाच्या पंगतीत माणसं हसायची. तिच्या मरणाच्या महिनाभर आधी मी गेले होते तेव्हा तिच्या तोंडात दात उरला नव्हता. दुधात कुस्करलेली भाकर मी चमच्यानं भरवली, तर तीही तिनं जिभेनं फिरवून पाहिली. मी म्हटलं, बाई, दुधात कुठला आला खडा? ती म्हणाली, "सवय हाये वो. त्यानं लावून देल्ली."

त्यानं म्हणजे गावातल्या जमीनवाल्या मालकानं. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. कौसाबाईनं उभ्या जन्मात ते तोंडातून काढलं नाही, मी माझी शाई कशाला घालवू?

आमच्या सासऱ्यानं एका तुटीच्या साली मालकाच्या घरून ज्वारी उचलली होती. ती फिटेपर्यंत राबायचं, असं ठरलं. ती काही फिटली नाही. सासरा गेला, तर त्याच्या जागी माझे भासरे, कौसाबाईचे नवरे नामदेवभाऊ, मिसरूड फुटायच्या आधी जुंपले गेले. बांधील गडी. लग्न होऊन ती आली तर तीही शेणगोठ्याला बांधलेली, वेगळं कोणी विचारलं नाही. मी त्या घरात आले तोवर वेठबिगारीचा कायदा आला होता. चावडीपुढं सरकारी जीप उभी राहिली, साहेबानं सांगितलं की जुनं देणं सगळं मिटलं, आता कोणी कोणाचा बांधील नाही. नामदेवभाऊ घरी येऊन नुसते बसून राहिले. कौसाबाई म्हणाली, "उठा ना. मोकळ्या माणसानं काय करावं ते करू." पण मोकळ्या माणसाजवळ वावर कुठं होतं?

वावर मालकाचंच. तो मोठा गोड बोलला. म्हणाला, नामदेव, आता तू गडी नाहीस, बटईदार आहेस. माझी जमीन, तुझी मेहनत, रास निम्मी-निम्मी. चावडीत चार माणसांसमोर बोलला. त्या वर्षी आम्ही दोघी जावांनी ती ज्वारी लेकरासारखी राखली. पाखरं हाकून हाकून माझा आवाज बसला होता.

आता खळ्याची एक रीत सांगते, कारण आजच्या पोरांनी मशीनशिवाय काही पाहिलेलं नाही. मळणी झाली, वाऱ्यावर उधळण झाली, की खळ्याच्या मध्ये रास लागते. त्या राशीपाशी कोणी जोडे घालून जात नाही. पायलीनं मापायला सुरुवात करताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. आणि एकदा का लाभ म्हटलं, की रास सरेपर्यंत मध्ये कोणी बोलायचं नाही, मापणाऱ्याचा हात धरायचा नाही. नाहीतर बरकत जाते. मालक या रीतीचा फार कट्टर होता, आणि त्याच रीतीत त्याची सगळी लबाडी होती. त्यानं स्वतः पायली घेतली, लाभ म्हटलं, आणि वरची मोत्यासारखी ज्वारी आपल्या पोत्यांत भरत गेला. त्याचं निम्मं झालं, मग बियाण्याचं, मग बैलजोडीचं. नामदेवभाऊ डोळ्यांनी पाहत होते पण बोलता येईना, माप चालू होतं ना. उरलं ते मातेरं, म्हणजे राशीच्या बुडाची माती-खड्यांत कालवलेली ज्वारी. माप संपल्यावर तो म्हणाला, हे तुमचं.

ते आम्ही वर्षभर खाल्लं. तीन-तीनदा चाळायचं, धुवायचं, निवडायचं, तरी भाकरीत कच्च... नामदेवभाऊंचा पुढचा दात त्या भाकरीनं गेला. जेवताना घरात कोणी बोलायचं नाही, सगळे जिभेनं खडे शोधत बसलेले. कौसाबाई मालकाच्या वाड्यावर गेली, तहसिलात गेली, चावडीतल्या त्या चार माणसांच्या दारी गेली. तिचं म्हणणं एवढंच होतं : ज्या राशीतून तुमचं, त्याच राशीतून आमचं द्या. जास्त नको, चांगलं द्या. चौघांनाही आपण काय ऐकलं होतं ते आठवेना.

पुढच्या साली तीच बटई पुन्हा केली. मी म्हटलं, बाई, कायले पुन्हा त्याच्याच वावरात? तर म्हणाली, "खळ्यावर भेटू दे मले तो."

त्या सकाळची हवा अजून अंगाला लागते. रास लागली होती. मालकानं नारळ फोडला, राशीला नमस्कार केला, पायली राशीच्या टोकाशी ठेवली आणि पोरानं आणलेला चहा घ्यायला मागं वळला. तेवढाच वेळ. कौसाबाईनं पदर खोचला, पुढं झाली, पायली उचलली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "लाभ."

मालकाच्या हातातला चहा हातात राहिला. त्याचा मोठा पोरगा धावला, तर मालकानंच हात आडवा करून त्याला थांबवलं. काय करणार? सारा गाव ज्याच्याकडून ती रीत शिकला, तो ती स्वतः कशी मोडणार? त्याच्या मानेची शीर फुगलेली मला दिसत होती. मी पोतं धरून उभी होते. लाभ आमचा, दुसरी पायली मालकाची, तिसरी आमची... आमची पायली ती राशीच्या माथ्यावरून भरायची, त्याची बुडाशी हात घालून, जमीन खरवडून. लपवून नाही. त्याच्याकडं पाहत. शेवटी झाडू घेऊन खळं लोटलं आणि ती सगळी धूळ-माती त्याच्या पोत्यावर ओतली. माप संपलं. आता बोलायला मोकळीक होती, तर पहिली तीच बोलली.

"मालक, मागच्या साली आमी खाल्लं. औंदा तुमी खाऊन पाहा."

आणि पायली पोत्यावर ठेवून पोतं डोक्यावर घेऊन निघाली. त्याची पायली. पितळेची, काठाला नक्षी असलेली. ती तिनं परत केली नाही, आणि मागायला येण्याची त्या घरात कोणाची छाती झाली नाही.

त्याचं मोल भरावं लागलंच. बटई गेली. गावात कोणी कामाला बोलावेना, दुकानदार मीठसुद्धा उधार देईना. आमची दोन्ही बिऱ्हाडं ऊसतोडीला गेली, वर्षामागून वर्षं. नामदेवभाऊ तिकडंच पाचटाच्या कोपीत तापानं गेले. मी पुढं पोरामागं मंगरूळपीरला आले, बाई गावात परतली. आणि तुम्ही म्हणाल, एवढं सोसून तिचा राग निवला असेल... कशाचा निवतो! माणूस राग टाकतो तेव्हा हलका होतो असं कीर्तनात सांगतात. कौसाबाई तो राग धरून ताठ उभी राहिली, हे मी पाहिलेलं आहे.

गावात सोयाबीन आलं तेव्हा ती बायांच्या टोळीची मुकादमीण झाली होती. सोंगणीच्या, म्हणजे कापणीच्या दिवसांत टोळी जिकडं जाईल तिकडं शेतकऱ्याचा जीव अडकलेला, कारण वाळलेलं सोयाबीन थांबत नाही, उन्हात शेंग तडकते आणि दाणा मातीत जातो. मालकाचा पोरगा तिच्या दारी आला. एकरी जास्त भाव बोलला. मग म्हातारा मालक स्वतः काठी टेकत आला. ती अंगणात तंबाखू मळत होती, मळतच राहिली. म्हणाली, टोळी रिकामी नाही. टोळी रिकामी होती, तिच्याच ओट्यावर बसली होती.

मी त्या वेळी गावी गेलेली. दुपारी मला म्हणाली, "चाल सुमन, भाकर वावरात खाऊ." मला वाटलं जवळच कुठंतरी. नेलं ते मालकाच्या वावराच्या धुऱ्यावर, थेट बांधावर. बाभळीखाली बसून आम्ही भाकर सोडली. समोर एवढं मोठं पिवळं वावर, वर ऊन, आणि सगळीकडून तड... तड... तड... तिनं पहिला घास जिभेवर फिरवला, डोळे मिटले, आणि म्हणाली, "ऐक. त्याचं सोनं मातेऱ्यात जाऊन राह्यलं." खोटं कशाला बोलू, ती भाकर मला साखरेसारखी लागली. टोळीतली शेवंता मात्र संध्याकाळी तिच्या तोंडावर बोलली, कौसामाय, तुमचं भांडण जुनं हाये, पण आजची मजुरी आमची बुडाली, आमच्या चुलीनं काय केलं? बाई दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तीन गावं पायी हिंडली आणि टोळीला पंधरवड्याचं काम घेऊन आली. पण त्या वावरात नाही म्हणजे नाही.

मालक मेला त्या दिवशी तिनं शिरा केला. तुपाचा वास गल्लीभर. लोक म्हणाले, कौसे, मेल्या माणसाशी वैर नसते. ती म्हणाली, "मग मी कोणाशी धरू? जित्यापणी तो चांगल्याच माणसांत बसत होता, तवाबी तुमी वैर नको म्हणत होते." मला हे लिहू नको म्हणून पोरगा सांगत होता. मी शाळेत गेले नाही, किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत अक्षरं शिकले, मला झाकून लिहायची कला येत नाही. ती अशीच होती. आणि हीच बाई माझ्या बाळंतपणात कोपीतली एकुलती एक गोधडी माझ्या अंगावर घालून स्वतः चिपाडांवर निजली होती.

तेरवीच्या आदल्या दिवशी अंगणात ताडपत्रीवर गहू ओतले होते, दळायला पाठवायचे म्हणून. दाराशी मोठी गाडी थांबली. मालकाचा नातू. शहरात राहतो, बोलायला मऊ. हात जोडले, वाईट झालं म्हणाला, आणि बोलता बोलता थेट ताडपत्रीपर्यंत आला. दिगंबर म्हणाला, "साहेब, जोडे." त्यानं मुकाट काढले. मग इकडंतिकडं पाहत, ओशाळून मला म्हणाला, "आजी, एक विचारायचं होतं. ती पितळी पायली आमच्या आजोबांची. नवीन बंगल्यात बैठकीत ठेवायची आहे, आठवण म्हणून. तुम्ही म्हणाल ते..."

पायली गव्हाच्या ढिगाशीच होती. मी वाकले, उचलली, भरली, आणि म्हटलं, "लाभ."

दिगंबरनं पोतं धरलं. अंगणातल्या बायका गप्प झाल्या. नातवाला ती रीत ठाऊक होती की नाही कोण जाणे, पण सगळ्यांची तोंडं पाहून त्याला उमगलं, आणि तो अनवाणी उन्हात उभा राहिला. मी काही घाई केली नाही. माझे गुडघे दुखतात. दाणा न् दाणा गोळा करत मी मापलं. ढीग सरला, शेवटची पायली पोत्यात गेली. त्यानं घसा साफ केला, तोंड उघडलं...

मी दिगंबरला म्हटलं, पोतं उलटं कर. गहू पुन्हा ताडपत्रीवर आले. मी पायली भरली. "लाभ."

तो जोडे हातात घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी त्याच गव्हाच्या पोळ्या झाल्या. पायली तिच्या फोटोपुढं भरून ठेवली होती. मी पंगतीत बसले, पहिला घास घेतला, आणि माझ्याही नकळत तो जिभेवर फिरवला. खडा नव्हता. दुसरा घासही मी तसाच फिरवून पाहिला.