जंभेरी झालेलं संत्र्याचं झाड

आज सौंसरच्या घरी लोणच्यासाठी जंभेरीची आंबट, खडबडीत लिंबं चिरताना सालीचा वास नाकात गेला आणि मी थेट विद्यापीठातल्या उत्क्रांतीच्या चर्चागटात पोचले. तिथं मी पहिल्यांदाच बोलायला उभी राहिले होते. "सर, आमच्या बगिच्यातलं संत्र्याचं झाड पाहता पाहता जंभेरी होऊन राहिलं. हे उत्क्रांती नाही त काय?"

सगळे हसले. गट चालवणारे सर म्हणाले, "अगं, तुमच्याकडे संत्र्याचं कलम जंभेरीच्याच खुंटावर बांधतात ना? खुंटाचे, म्हणजे जंभेरीचे, फुटवे कुणी छाटले नाहीत, तेच वाढले आणि वरचं संत्रं दबलं. बस आता. आणि पुढच्या वेळी जरा शुद्ध बोल."

संत्रेवाल्याची पोर, आणि हे मला सुचू नये! कान तापले, पण बसले नाही. "चूक माझी हाय सर, माझ्या बोलीची नाही. पुढच्या शनिवारी बी येईन, अन् अशीच बोलीन."

तेव्हा वाटलं, गड जिंकला. आता आठवतं की मी बाक घट्ट धरला होता. तरी शनिवारी गेले. त्या दिवशीचा विषय विसरले, पण पहिला प्रश्न माझाच होता, आणि हसायच्या आधी सगळ्यांना तो ऐकावा लागला.