सेसिलबाईंच्या जुड्या

सेसिलबाई तिसरीच्या वर्गात शिरल्या की खडूच्या आधी त्यांच्या पिशवीतून माडाचे हीर, खराट्याला लागतात त्या काड्या, निघत. दहा-दहा हिरांच्या जुड्या, केळीच्या वाळक्या सोपाच्या दोरीने बांधलेल्या. बेरजेत कुणी ‘हातचा एक’ म्हणालं की लगेच विचारत, "कुठाय? दाखव हातात!" मग त्या पोराने सुट्यांतले दहा हीर मोजून जुडी बांधायची आणि दशकाच्या बाजूला सरकवायची. फळा त्यानंतर.

नव्वदच्या दशकात मी विरारहून वटारच्या शाळेत शिक्षिका म्हणून नवीनच लागले होते. मला हा सगळा खटाटोप वाटे. बाई म्हणत, "पाठ करून पोपटसुद्धा सांगेल गं. हाताला कळू दे."

वर्गातली शैला चुणचुणीत, पण वजाबाकीत अडायची. बावन्नातून सतरा काढताना दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सरळ सातातून दोन काढी आणि पंचेचाळीस लिहून मोकळी होई. एकदा नापास झालेली होतीच. पुन्हा झाली तर शाळा बंद, वाडीत भाजी बांधायला बसवणार, असं बापाने सांगून टाकलं होतं.

बाई तिच्याशेजारी मांडी घालून बसल्या. "जुडी का सोडत नाहीस गं?"

"बांधलेली जुडी सोडली तर आय मारते."

खरंच होतं. त्यांच्या घरी संध्याकाळी मेथी-मुळ्याच्या जुड्या बांधून ठेवत; सोडणं म्हणजे केलेलं काम मोडणं. बाई चक्क खूश झाल्या. "बघ, चूकसुद्धा किती शहाणी असते!" मला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बापालाच बोलावलं. तो चिखलाच्या पायांनी दारात उभा. "लवकर बोला बाई, वाडीत पानी लावायचंय."

बाईंनी शैलासमोर पाच जुड्या आणि दोन सुटे हीर ठेवले. "यातले सतरा बाबांना दे." शैलाने एका जुडीला हात लावला आणि बापाकडे बघत राहिली. मला राहवेना, पण बाईंनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

"सोड ना बाय," शेवटी बाप म्हणाला. "कोन रागावतंय?"

तिने गाठ सोडली. बारा सुट्यांतले सात आणि एक अख्खी जुडी बापाच्या हातावर ठेवली. "उरले पस्तीस!"

बाप निघाला, दारात घुटमळला. "बाई, चौथीची पुस्तकं कधी मिलतात?"

बाईंनी पटकन फळ्याकडे तोंड फिरवलं.

त्या गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. एखाद्या मुलाचं उत्तर चुकलं की मी अजून लाल पेन बाजूला ठेवते आणि त्याच्याशेजारी खाली बसते. उठताना गुडघे कुरकुरतात, पण बसते.