रत्नम्माची मुंबईची नोकरी

घरून काम करतो म्हणून आजची पोरं गमजा मारतात, तेव्हा मला हसू येतं. साखर पेठेतली आमची शेजारीण रत्नम्मा बाहत्तर-त्र्याहत्तर सालीच घरबसल्या मुंबईची नोकरी करत होती.

लहानपणी पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेले होते. पण चादरीची नक्षी अशी काढायची की बघत राहावं. चौकडीच्या कागदावर ती एकेक चौकोन रंगवी; तो कागद बघूनच मागावर नक्षी उतरे. श्रीमंत नावाचा दलाल तिचे कागद मुंबईच्या व्यापाऱ्याकडे पोचवी आणि चादरी थेट जर्मनीला जात. बाई मात्र कधी पेठेबाहेर पडली नव्हती. मी तेव्हा नवी सून. दुपारची भांडी आटोपली की तिच्याजवळ जाऊन बसायची. किती सुखाच्या दुपारी होत्या त्या!

तिची एक खोड होती. प्रत्येक नक्षीत एक चौकोन ती मुद्दाम कोरा ठेवी. पुऱ्या नक्षीला दृष्ट लागते, असं तिच्या विणकर वडिलांनी शिकवलेलं. पेठेत कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मुंबईत वाटलं.

एक दिवस श्रीमंत तोंड पाडून आला. रत्नम्माच्या आईला, सुंदरम्माला म्हणाला, "अक्का, शेठ लई तापलाय. घरी बसून चुका होत्यात म्हनतो. पोरीला मुंबईच्या हापिसात आणून बसवा, न्हायतर काम बंद."

सुंदरम्मानं कपाळावर हात मारला. जिला अंगणात न्यायला दोघं लागत, ती मुंबईत कशी राहणार? आणि काम गेलं तर हिनं दिवसभर भिंतीकडे बघत बसायचं? त्या शेठला चार शब्द सुनवावेत असं मला वाटलं. पण तो बसला मुंबईत!

रत्नम्मानं ब्रश भिजवला आणि पुढ्यातल्या नक्षीतला कोरा चौकोन भरून टाकला.

"ह्यो न्या," ती श्रीमंतला म्हणाली. "आता चूक न्हाय म्हनावं."

आठवडाभरानं निरोप आला, घरूनच करू दे. सुंदरम्मानं गल्लीभर गूळ वाटला. लेकीच्या तोंडात खडा घालत म्हणाली, "सुटलीस की गं! आता तुला कुटं जायला नको."

रत्नम्मानं गूळ गिळला.

"जायचं होतं की मला, अम्मा," ती म्हणाली. "जाता येत न्हवतं, एवढंच."